रुकय्याला लाईनचा वैताग

शुक्रवारी नमाजानंतर गल्फातले नवरे महाडच्या टेलिफोन बूथवर फोन करायचे. रुकय्या पोचली तशी बूथवाला मंगेश म्हणाला, "भाभी, लाईन लावा." ती बायकांमागे उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणे लाईन गेली. दिवा तर जळत होता. गेली होती फोनची. पुढची बाई सांगत होती, तिचा मुलगा एकदाचा लाईनीला लागला. रुकय्याचं डोकं फिरलं. "बाकीच्या शब्दांना काय वाळवी लागलीय?"

शेवटी तिचा फोन आला. नवरा म्हणाला, "डायवरकी सोडतोय, लाईन बदलतोय." तिने त्या शब्दावरूनच त्याला झाडायला घेतलं, आणि झाडता झाडता फोन कट झाला.

आता घरी सासू विचारणार, ईदला येतोय का. नेमकं तेवढंच विचारायचं राहिलं होतं.