अकरा इंचांची पायरी

यंदा होळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेनऊला ब्राह्मणपुरीतल्या आमच्या खळ्यात एकोणचाळिसाव्या जीपला पायरी बसवली. खर्च आठशे चाळीस रुपये. हजर आम्ही चौघे: रतिलालभाऊ, वेल्डर सलीम, जीपचा मालक आणि मी. भाऊ खाटेवर बसून होते, उठले नाहीत. पायरी बसल्यावर मला म्हणाले, टेप लावून बघ. मी बघितलं, जमिनीपासून अकरा इंच बरोबर. त्यांनी मान डोलावली. आता चारच उरल्या, एवढंच बोलले. गुरुवारी पहाटे ते गेले. वय अठ्ठ्याहत्तर.

ते माझे चुलतभाऊ, माझ्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठे. मी शहाद्याच्या एका पतसंस्थेत हिशेब लिहितो. वर्तमानपत्रात लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. पण भाऊंबद्दल जे छापून आलं त्यात "थोर वाहनरचनाकार" एवढंच होतं, आणि गेली सात वर्षं ते काय करत होते याचा उल्लेख नव्हता, म्हणून लिहितो आहे.

आमचं घर गुजर शेतकऱ्यांचं, कापूस आणि केळीचं. भाऊ चित्रकलेत चांगले होते. तंत्रनिकेतनात आराखडे काढायला शिकले, पुण्याला एका वाहन कारखान्यात लागले आणि एकतीस वर्षं तिथेच राहिले. तिथे नव्या गाडीचा सांगाडा आधी लाकडात आणि मातीत पूर्ण आकाराचा करत. अशाच एका जीपचा मागचा सगळा भाग, म्हणजे छप्पर, बाकं, दार, खिडक्या, भाऊंनी रचला. ती जीप बावीस वर्षं निघत होती. तिच्यावर नाव कारखान्याचं, आणि ते तसंच असायला हवं असं भाऊंचंही म्हणणं होतं. आता ती निघत नाही. शहरातले हौशी लोक जुनी जीप विकत घेतात, तिला पॉलिश करतात, प्रदर्शनात मांडतात. अशा एका प्रदर्शनाला भाऊंना मानाने बोलावलं होतं. परत आल्यावर मी विचारलं, कसं होतं? म्हणाले, अकरा गाड्या होत्या, सगळ्यांना नवा रंग, आणि एकाही गाडीच्या मागच्या बाकावर कोणी बसलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर ते आणि कमलवहिनी गावी आले. पहिली काही वर्षं केळीत गेली. मग एकदा धडगावला जमिनीच्या कागदासाठी मला जायचं होतं, भाऊ सहज बरोबर आले. शहाद्याच्या स्टँडजवळ जी जीप लागली होती ती त्यांच्याच रचनेची होती. त्यांनी ड्रायव्हरला काही सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. मागच्या बाकावर जाऊन बसले. मी मोजलं, आत सतरा माणसं. भाऊ माझ्या कानाशी म्हणाले, मी नऊ लिहिले होते. आणि हसले. घाट लागेपर्यंत ते खुशीत होते. मग एका पाड्याच्या फाट्यावर गाडी थांबली आणि एक म्हातारी चढायला आली. डोक्यावर टोपली, एक हात टोपलीला. मागच्या बंपरवर पाय पोचेना. दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा ती घसरली आणि नडगी बंपरच्या कडेला सोलवटून निघाली. आतल्या दोन बायांनी तिला बगलेत धरून वर ओढलं. रोजचंच होतं. तिने लुगड्याच्या पदराने रक्त पुसलं आणि टोपली मांडीवर घेतली.

धडगावला उतरल्यावर भाऊंनी माझ्याकडून टेप मागितला... माझ्या पिशवीत तो असतोच. बंपर जमिनीपासून एकवीस इंच. परतताना म्हणाले, कारखान्यात आम्ही चढून-उतरून पाहिलं होतं, पण पाहणारे सगळे पँटवाले. मग पुण्यात इतकी वर्षं काढून ज्यांच्या तोंडून मी अहिराणी फारशी ऐकली नव्हती ते भाऊ म्हणाले,

"मन्ही माय बैलगाडीमा चाकवर पाय दीसन चढे. रोज देखं मी. आन् मी त्या घरनी बाईनं पाऊल मोजं नही."

ती चूक आपल्या हातची, आणि ती आपणच दुरुस्त करायची, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं. शहादा–धडगाव रस्त्यावर त्यांच्या रचनेच्या किती जीपा चालतात ते आम्ही महिनाभर मोजलं. त्रेचाळीस भरल्या. प्रत्येकीला मागे एक पायरी, पैसे भाऊंच्या पेन्शनीतून. माझ्या वहिनींना हे पटलं नव्हतं. शेजारच्या बायांनी साहेब काय करतात असं विचारलं की त्या सांगत, "गाड्यास्ले पाय बसाडी ऱ्हायनात." भाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करत.

पहिली पायरी फसली. ती घट्ट वेल्ड केलेली होती आणि नऊ इंचांवर होती. गुलाब पावरा नावाचा धडगावचा ड्रायव्हर, त्याच्या जीपला ती बसवली. आठव्या दिवशी तो खळ्यात आला, पोत्यातून वाकडी झालेली पायरी काढून भाऊंच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "पाटील, तुमची पायरी घाटातच राहायचं म्हणत होती. समजावून परत आणली." वळणावरच्या दगडाला ती अडकली होती आणि गाडी आतल्या माणसांसकट आडवी राहिली होती. भाऊंनी त्याची माफी मागितली. एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाने तीस वर्षांच्या ड्रायव्हरची मागितली, हे मी पाहिलं आहे. गुलाब इतका ओशाळला की जेवूनच गेला.

मग भाऊ नव्याने बसले. पायरीला बिजागरी लावली, दगड लागला की ती मागे दुमडते आणि पुन्हा खाली येते. राहिला उंचीचा प्रश्न. त्यासाठी आम्ही धडगावच्या आठवडे बाजाराला गेलो. गुलाबने जीप उभी केली, भाऊंनी तिच्या मागे चार लाकडी खोकी ओळीने ठेवली, नऊ, अकरा, तेरा आणि पंधरा इंचांची, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. बायांना विचारू या, मी म्हणालो. नको म्हणाले, विचारलं की माणूस विचार करून सांगतो, पाय विचार करत नाही. मी वहीत रेघा मारत होतो. बाया खोक्यांकडे बघून पावरी बोलीत काहीतरी बोलत, हसत. गुलाबने अर्थ सांगितला की, म्हातारा खोकी विकायला आलाय पण भाव सांगत नाही. दिवसभरात एकशे अठरा बाया चढल्या. नऊवर बावीस, अकरावर चौसष्ट, तेरावर पंचवीस, पंधरावर सात. अकरा ठरले.

पुढची सहा वर्षं हेच काम. महिन्याला एखादी जीप, पावसाळ्यात एकही नाही. काही मालक लगेच तयार झाले, काहींना वाटायचं म्हाताऱ्याचा काहीतरी डाव असेल, फुकट कोण देतं. अशांच्या जीपमध्ये भाऊ पूर्ण भाडं देऊन दोन-तीनदा बसत आणि मग विषय काढत. एका बाबतीत मात्र ते घाबरट होते, हे आता लिहायला हरकत नाही. वहिनींचे दोन्ही गुडघे दहा वर्षांपासून गेलेले. शहाद्याला जायचं तर त्या पुढच्या सीटवर, तेही दोघांनी धरून. एकदा वहिनींना पायरीवर चढवून बघा, असं मी भाऊंना सुचवलं होतं. ते म्हणाले, बघू... आणि वही मागून घेऊन उगाच पानं चाळत राहिले.

तेराव्यानंतर चार दिवसांनी गुलाब जीप घेऊन आला. उरलेल्या चार मालकांनी त्याला पाठवलं होतं, आता पायऱ्यांचं काय, विचारायला. मी आणि सलीम ओट्यावर बसून होतो. वहिनी घरातून आल्या, काठी टेकत जीपच्या मागे गेल्या आणि उभ्या राहिल्या. गुलाब धावला, म्हणाला, माय, पुढे बसवतो. त्यांनी काठी त्याच्या हातात दिली. एका हाताने दाराची कड धरली आणि उजवा पाय उचलला. तो पायरीच्या कडेला लागून खाली आला. आम्ही तिघेही उठलो. त्यांनी हातानेच थांबा म्हटलं. दुसऱ्यांदा गुडघ्याखाली हात घालून पाय वर ठेवला, चढल्या, बाकावर बसल्या. धाप लागली होती. बराच वेळ त्या आतून छप्पर, खिडक्या, समोरचं बाक बघत होत्या. या जीपच्या मागच्या भागात त्या कधी बसल्याच नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग म्हणाल्या, "एक इंच जास्ती शे."

मी सांगू लागलो, वहिनी, एकशे अठरा बाया मोजल्या होत्या, चौसष्ट...

"बजारन्या बाया मोज्यात," त्या म्हणाल्या, "डोंगर चढणाऱ्या. घरनी ऱ्हई गई."

त्या रागाने बोलल्या नाहीत. भाऊ असते तर त्यांनी माझ्याकडून टेप मागितला असता. मी तो काढला. सलीमने पायरी जिला अडकवलेली ती पट्टी पाहिली आणि म्हणाला, खाली एक भोक पाडलं तर इंचभर उतरेल, दगडाचं भय नाही, बिजागरी आहेच. वहिनींनी विचारलं, सगळ्यांना? सलीम म्हणाला, सगळ्यांना.

हिशेब मी तिथेच ओट्यावर केला. नव्या चार पायऱ्या, प्रत्येकी आठशे चाळीस, तीन हजार तीनशे साठ. जुन्या एकोणचाळीस खाली उतरवायच्या, प्रत्येकी साठ, दोन हजार तीनशे चाळीस. सलीम मजुरी सोडायला तयार होता, वहिनींनी ऐकलं नाही. एकूण पाच हजार सातशे रुपये त्यांनी जीपमध्ये बसूनच मोजले आणि सलीमला दिले. सलीमने मला मापं लिहून मागितली. मी कागदावर लिहिलं, दहा इंच.