पासा की पासे

आज अकोल्यातल्या माझ्या स्पॅनिशच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, वडिलांना 'आत ये' म्हणायचं की 'आत या'?" मी फळ्यावर 'पासा' आणि 'पासे' असे दोन शब्द लिहिले.

बारा वर्षांपूर्वी अमरावतीला, राजापेठेतल्या एका क्लासमध्ये मी ही भाषा शिकत होते. त्यासाठी बी.एड.ची मिळालेली जागा सोडली, म्हणून बाबा महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. एका दुपारी मी खोलीत मोठ्यानं पाठ करत होते, तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. अंगावरच्या शर्टाला घामाचा आणि एसटीतल्या डिझेलचा वास येत होता.

"काय बडबडून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"मित्राला 'पासा' म्हणायचं, म्हणजे आत ये. शेवटच्या 'आ'चा 'ए' केला की मान देऊन 'आत या' होतं."

"मंग मले काय म्हनशील?"

घरी मी त्यांना 'तू'च म्हणायचे. पण इतक्या दिवसांनी ते बोलत होते, म्हणून मी जपून म्हणाले, "पासे, बाबा."

ते उंबऱ्यातच थांबले. "मी काय पाहुना आहो? मले ते मित्रावालं म्हन."

"पासा, बाबा."

ते आत आले, पलंगावर बसले आणि माझी वही चाळू लागले. बी.एड.चा विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हा मला वाटलं, त्यांना व्याकरणाची गंमत वाटली. आता कळतं, तो अबोला त्यांनाच सोडायचा होता आणि त्यासाठी माझ्या तोंडून फक्त 'ये' ऐकायचं होतं.