अक्कांनी बंद केलेलं पोर्ट

जयलक्ष्मीपुरममध्ये आमच्या समोर राहणाऱ्या अक्का बोलणं ‘अष्टे’ म्हणून संपवतात, म्हणजे कानडीत ‘बस, एवढंच’. परदेशातल्या मुलाने त्यांचा कॉम्प्युटर तिथूनच सांभाळता यावा म्हणून त्यातलं एक पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, कायम उघडं ठेवलं होतं. त्या वाटेने कुणीही परका आत शिरू शकतो, हे कळल्यावर अक्का फायरवॉल लावायला स्वतः शिकल्या आणि माझ्यासमोर त्यांनी ते पोर्ट बंद केलं. थोड्या वेळाने मुलाचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला.

“अम्मा, मला आत येता येईना!”

“मीच बंद केलं. काम असलं की विचार, मी उघडते. अष्टे.”

“बरं. उद्या उघडशील?”

“उद्या मला वेळ नाही, परवा बघू,” अक्का म्हणाल्या, आणि ऐकताना माझीच मान अभिमानाने ताठ झाली.