मास्तरांचा नंबर

आमच्या शेजारचे टेलरमास्तर म्हणजे संशयाचं पोतं. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. दूध तापवायच्या आधी वास, तापवल्यावर पुन्हा वास. पण हात असा, की शर्ट विरून जाईल, मास्तरांनी केलेलं काज हलायचं नाही.

सूर्यग्रहण येणार म्हटल्यावर वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ग्रहण बघायचे पुठ्ठ्याचे चष्मे आणले. चांगल्या दुकानातून, तपासलेले. मास्तरांनी एक चष्मा बोटांत दाबून पाहिला.

"हा चष्मा आहे की चपलेच्या खोक्याचं झाकण?"

"दुकानदार म्हणाला, खात्रीचे आहेत."

"तो म्हणणारच. माझं पोट या डोळ्यांवर चालतं. मी वेल्डिंगची काच आणतो."

मी म्हटलं, "मास्तर, वहिनींकडे बघायला कधी एवढी तयारी केली नाहीत."

"तिच्याकडे बघायला सवड कुठे आहे?" मास्तर मशीनवरून मान न उचलता म्हणाले. वहिनी हसल्या नाहीत.

संध्याकाळी मास्तर हार्डवेअरच्या दुकानातून हिरवी काच घेऊन आले, नवरदेवासारखे मिरवत.

"माणूस जाणकार निघाला. काच मागितली तर आधी विचारलं, कितवा नंबर? मी म्हटलं, पाच. लगेच काढून दिली."

मास्तरांच्या चष्म्याचा नंबर उणे पाच, हे सगळ्या गल्लीला पाठ. त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

ग्रहणाच्या दिवशी आम्ही गच्चीवर. वहिनी आणि मी पुठ्ठ्याच्या चष्म्यातून मजेत बघत होतो. मास्तरांनी आपला नेहमीचा चष्मा काढून खिशात टाकला आणि काच डोळ्यांपुढे धरली.

"चष्मा का काढलात?" वहिनी.

"काच नंबरचीच आहे. चष्म्यावर चष्मा कशाला?"

"नीट दिसतंय ना?"

"धूसर आहे जरा. नव्या नंबराला डोळे सरावायला वेळ लागतो."

आणि डोळे सरावावेत म्हणून बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांना सुईचं नेढं सापडेना. वहिनींनी मला सोबत घेतलं आणि आम्ही त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

"वेल्डिंगची काच? कितव्या नंबरची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्याच," मास्तर ऐटीत म्हणाले.

बाईंनी हातातला टॉर्च खाली ठेवला. त्या काचेचा नंबर म्हणजे तिचा गडदपणा, त्याचा आपल्या चष्म्याशी काही संबंध नाही, सूर्यासाठी चौदाची लागते, पाचाची त्याच्यापुढे काही कामाची नाही, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मधोमध भाजलं होतं. किती सुधारेल, सांगता येत नाही म्हणाल्या.

आता काजं वहिनी करतात. मास्तर त्यावरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "वाकडं आहे, उसव." त्या उसवतात. जुनी गिऱ्हाइकं आमच्या दारावरून, पिशवी पदराआड धरून, चौकातल्या दुसऱ्या टेलरकडे जातात. मी नावं घेऊन हाका मारते, तेवढीच गंमत.

परवा वहिनी चहा घेऊन त्यांच्यासमोर बसल्या. मास्तर त्यांच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होते.

"माझ्याकडे सरळ बघून बोला की."

"सरळ बघितलं की तिथे काळा डाग येतो. तू दिसत नाहीस."

"दिसत होते तेव्हा बघायचं होतं," वहिनी म्हणाल्या, आणि उसवलेला शर्ट त्यांनी पुन्हा मांडीवर ओढला.