पारूनं दाखवलेला वास

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे निपाणीच्या स्टँडवर बसून शेंगा खाल्ल्या. तिच्या बहिणीच्या गावची गाडी चुकली होती. पारू, माझी बायको, टरफलं पदरात गोळा करत होती. तेवढ्यात आखाती देशातून आलेला एक माणूस बॅगा ओढत समोरून गेला आणि मागं त्याचा वास राहिला. जळत्या लाकडाचा, वर काकवीसारखा गोड, आणि आत आणखी काहीतरी.

"अगं बया, काय राजावानी वास!" पारू मोठ्यांदा म्हणाली. "अवं, एकदा तरी असला वास लावून माझ्याशेजारी बसा की."

"आणतो की. त्यात काय?"

"आणशीला! तंबाखूच्या वखारीतला गडी तुमी."

आणि अशी हसली की पदरातली टरफलं सांडली. त्याच आठवड्यात ती गेली. छाती धरून खाली बसली ती उठलीच नाही. एवढंच सांगतो. रडगाणं लिहायला मी बसलेलो नाही.

पण एक भीती होती. तो वास नाकातून निसटत चालला होता. तो पुरता गेला तर तिचं ते हसणंही जाणार, असं मनानं घेतलं. म्हणून एके दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसलो आणि बेळगावची गाडी धरली.

"एल्लिगे?" (कुठं?) कंडक्टरनं विचारलं.

"बेळगाव. वास आणाय चाललोय."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि तिकीट फाडलं.

खरं सांगतो, लई दिवसांनी मला खिडकीची जागा हवीशी वाटली. संकेश्वरच्या बाजूला साखर कारखान्याच्या मळीचा वास आला, वंटमुरीच्या घाटात गार हवा आली. प्रत्येक वासाला मी आतून म्हणायचो, हा नव्हं, हा नव्हं. शेजारी बसलेल्या बाईनं डबा उघडला तर मी तिकडंही नाक वळवलं. तिनं मुकाट्यानं एक पुरणपोळी माझ्या हातावर ठेवली. खाल्ली. नको कशाला म्हणू?

शहापूरच्या तोंडाशी एक अत्तराचं दुकान सापडलं. आत पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसलेले. मी सगळं सांगितलं, पारूसकट. त्यांनी गुलाब, केवडा, खस सगळं बाजूला सारलं.

"दुबईवाला आदमी होता ना? मग हे अरबी काम आहे, अण्णा. ऊद."

ऊद म्हणजे एका झाडाचं आजारी पडलेलं लाकूड. आतून काळं पडतं आणि तेच मोलाचं होतं. अरब लोक त्याचा बखूर (निखाऱ्यावर टाकायचा सुगंधी चुरा) करतात आणि त्या धुरावर कपडे धरतात, दाढी धरतात. आमच्यात बाळंतिणीला शेगडीची धुरी देतात तसंच. फक्त इथं बाप्येच धुरी घेतात. मला भारी हसू आलं.

चाचांनी मखमलीच्या पेटीतून काळी, जड, सोनेरी टोपणाची बाटली काढली. काचेच्या काडीनं माझ्या तळव्यावर एक थेंब सोडला. आता माझा तळवा पन्नास वर्षांच्या सवयीचा. अंगठा आपोआप आला आणि मी मळायला लागलो. मळून दोन थापाही मारल्या.

चाचांनी मनगटच धरलं. "अरे अण्णा! आता चुना पण देऊ काय? चोळू नका. वास मरतो!"

दुसरा थेंब त्यांनी दुसऱ्या हाताच्या मनगटावर स्वतः लावला. मी हुंगलं. गोठ्यात औषध मारल्यासारखं. सरळ सांगितलं, "ह्यो नव्हं."

"ऊद लगेच बोलत नाही. एक फेरी मारून या. मग सांगा."

निघालो. शहापूरच्या बोळात माग खटखटत होते. एका ठिकाणी कुंदा (दूध आटवून केलेली इथली मिठाई) घेतला, पण उजव्या मनगटावर वास, म्हणून डाव्या हातानं खाल्ला आणि सदऱ्यावर सांडला. मग एका मागाच्या दाराशी चहा घेऊन टेकलो. चहा गार होत आला, आशाही तशीच. शेवटचा घोट घ्यायला हात वर केला आणि मनगट नाकाजवळून गेलं.

जळतं लाकूड. काकवी. आणि आतलं ते काहीतरी.

"ह्योच! ह्योच की रं!" मी ओरडलो. चहा उरलेल्या सदऱ्यावर गेला.

मागावरची बाई थांबली. "काय झालं ओ आप्पा? इंचू चावला?"

"वास गावला!"

मनगट पुढं केलं. तिनं लांबूनच हुंगलं. "अग्गो! लई भारी. कुणासाठी ओ एवढं?"

"बायकोसाठी."

"मग तिला संगट आणायचं की."

"तिनंच धाडलंय," मी म्हणालो, आणि धावतच दुकान गाठलं. या वयात!

"ह्याच्या आत काय हाय, चाचा? एक वास मला धड धरता येईना."

"ऊद, केशर, आणि तंबाखूचं पान."

जन्मभर मी तंबाखूची बोदं पाठीवर वाहिली, पारूनं बिड्या वळल्या. त्या वासात राहून आमची नाकं त्याला मेली होती. आणि पारूला जो वास राजाचा वाटला, त्यात निम्मे आम्हीच होतो! दुकानात बसून इतका हसलो की डोळे पुसावे लागले. चाचांनी पाणी दिलं. किंमत इथं लिहीत नाही, लेक वाचेल.

परतीच्या गाडीत बाटली सदऱ्याच्या आत धरून बसलो. मला वाटायचं, माणूस गेलं की त्याचं मागणंही त्याच्याबरोबर जातं. तसं नसतं. मागणं मागं राहतं, आणि ते पुरवायला माणूस घराबाहेर पडतो. मी पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली. दोन्ही मनगटांवर एकेक थेंब लावला. चोळला नाही. शेंगा घेतल्या आणि स्टँडवर त्याच बाकावर जाऊन बसलो. वारा उलटा होता, म्हणून उठून दुसऱ्या टोकाला सरकलो. आता वारा माझ्याकडून तिच्या जागेकडं जात होता.

"बघ," म्हणालो, "आणला का न्हाय?"

आणि शेंगा फोडल्या. टरफलं मीच गोळा केली.