मैदानावरचं नाव
पायाला चोळायच्या मलमाचा वास आला की ते तांबड्या मातीचं फुटबॉलचं मैदान आठवतं. नव्वदच्या दशकात, बंगळुरात, धाकटा भाऊ तिथे सरावाला जायचा. एकदा त्याचा विसरलेला डबा द्यायला आई आणि मी बनशंकरीतल्या घरून बसने गेलो. बूट सोडत बसलेल्या खेळाडूंना आईने त्याचं नाव सांगितलं; कुणालाच कळेना. मग एकजण हसला, "ओ, करिया?" काळ्या म्हणून हिणवायचा कानडी शब्द. त्याने तीच हाक मारली आणि भाऊ हसत धावत आला. "प्रेमाने म्हणतात, अक्का," तो मला म्हणाला. आई कानडीत नुसतं "सरी", म्हणजे बरं, म्हणाली. संध्याकाळी तिने त्याला नावाने जेवायला हाक मारली. जवळच बसला होता, पण त्याने मान वर केली नाही. अजून फोनवर मी त्याचं नाव घेते आणि तो ओ देईपर्यंत श्वास रोखून थांबते.