पितळेच्या दोन नळ्या

पुंडलिक मिस्त्रीने मला एकवीस वर्षं फसवलं. तो गेल्याची खबर आली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. वारासिवनीत एका राइस मिलवाल्याशी बारदान्याच्या भावावरून माझी हुज्जत चालली होती, तेवढ्यात माझ्या पुतण्याचा फोन आला. पुंडलिक सकाळी झोपेतच गेला. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं... सौदा मात्र त्या दिवशी मिलवाला म्हणेल त्या भावाने झाला.

सायकलवर रिकामी पोती गोळा करत मी धंदा उभा केला. हातात पहिल्यांदा चार पैसे आले तेव्हा खाणीतल्या एका निवृत्त साहेबाच्या अंगणात पडलेली आरडी साडेतीनशे मोटरसायकल मी घासाघीस करून उचलली. तिच्या सीटमध्ये कोंबडी अंडी घालायची. पुंडलिकने ती आठ महिने खपून जिवंत केली. पिस्टन नागपूरच्या भंगारातून आणले, जे मिळालं नाही ते लेथवर कातून घेतलं. ऑइल पंप गेलेला होता, म्हणून तो पेट्रोलमध्ये ऑइल मापून घालायचा आणि ते माप दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही. गाडीबद्दल त्याची एकच तक्रार होती. जपानात हिला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे बनली ती ड्रम घेऊन. “पळायचं सारं देल्लं,” तो म्हणायचा, “थांबायचं तेवढं ठेवून घेतलं.”

कार्बोरेटरच्या झाकणांवर तो बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. दुसऱ्या कोणी खोललं तर कळावं म्हणून. मला त्याचा अभिमान वाटायचा. माझ्या गाडीला फक्त पुंडलिकचा हात, असं मी बालाघाटभर सांगायचो.

आवाज असा की दुकानातली माणसं बाहेर यायची. पण चौथ्या गिअरनंतर गाडी दमायची. मी विचारलं की तो म्हणायचा, “वय झालं तिचं. तुह्या-माह्यासारखंच.” मी ऐकून घ्यायचो. मग एकदा बैहरच्या घाटात पुतण्या नव्या गाडीवर मला मागे टाकून गेला आणि वर चहा पीत माझी वाट पाहत बसला. मी तिथून थेट गॅरेजवर गेलो. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत म्हणालो, “तुह्या हातात आता काहीच नाही राह्यलं. नावाचा मिस्त्री हायेस तू.”

पुंडलिकने फडक्याला हात पुसले. “हौ,” म्हणाला, “असंच असन.”

मी गाडी नेऊन शेडमध्ये कुलूप लावून ठेवली. पुन्हा त्याच्याकडे गेलो नाही.

त्याच्या तेरवीला ती गाडी घेऊन जावं असं का वाटलं, सांगता येत नाही. चालू होईना, म्हणून टेम्पोत घालून गोंदियाला नेली. तिथल्या मिस्त्रीने लाल ठिपके खरवडून झाकणं उघडली. दोन्हींत स्प्रिंगच्या आत बोटाच्या पेराएवढी पितळी नळी होती. वेगाची मूठ कितीही पिळली तरी पेट्रोल सोडणारा आतला पडदा त्या नळीला अडून अर्ध्यावरच थांबायचा. मिस्त्री हसला. “सेठ, ये गाड़ी तो आज तक पूरी खुली ही नहीं.”

नळ्या खिशात घालून मी पुंडलिकच्या घरी गेलो. चांगलं भांडायचं ठरवूनच. वहिनींनी त्या हातात घेतल्या, पाहिल्या आणि परत दिल्या.

“तुमच्याच घरून वचन घेतलं होतं, भाऊजी. तुमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी शोभा आलती. राग आला का हे गाडीच काढते, अन् ब्रेक तर लागत नाही, म्हणे. गाडीचं पळणं कमी करा, अन् ह्यायले सांगाल तर माही शपथ.”

“त्या दिवशी तरी सांगायचं होतं त्यानं. चार माणसांत बोललो मी त्याले.”

“मी म्हटलं होतं. तर म्हणे, नळी सांगितली का तो काढन.”

काढली असतीच. मला ओळखून होता तो...

शोभा, हे छापून आलं की तू वाचशीलच. नळ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुझ्या शपथेनं कदाचित मी आज लिहायला आहे. पण तो गेला त्याच्या आदल्या महिन्यात बस स्टँडवर पुंडलिक आपल्याला पाहून थांबला होता. त्याने हात अर्धा वर केला आणि मी मान फिरवली. तू माझ्याशेजारी पिशवी धरून उभी होतीस. गाडी दोन वर्षं कुलपात होती, भीती कसली उरली होती? एक वाक्य पुरलं असतं. तो हात तसाच खाली गेला, तो तूही पाहिलास. तेव्हा काहून बोलली नाहीस? पुंडलिक आता सांगायला येणार नाही. तू सांग.